धुरपेची ओंजळ

एका राज्यात पाण्याला हात लावणे राजघराण्याला कमीपणाचे होते. राजा असो, राणी असो की पाळण्यातून नुकतेच उतरलेले पोर असो, त्याने स्वतःच्या हाताने पाणी म्हणून प्यायचे नाही. तहान लागली की मान वर करायची, तोंड उघडायचे, आणि झारीवालीने चांदीच्या झारीतून वरून धार धरायची. परमुलखाचे वकील हे पाहत आणि आपल्या गावी जाऊन सांगत की घराणे असावे तर असे. ते ऐकून आसपासचे दहा-पाच गावांचे सरदारही मान वर करून पाणी पिऊ लागले, आणि सवय नसल्यामुळे ठसका लागून बेजार झाले.

खरी गोष्ट निराळी होती. त्या घराण्याला शाप होता. त्यांच्यापैकी कुणीही पाणी हातात घेतले, मग ओंजळीत असो की सोन्याच्या पेल्यात, ते ओठांशी येईतो त्याची वाळू होई. शाप कुणी दिला, कशापायी दिला, हे घराणे विसरून गेले होते. हजार वर्षांत माणूस काय विसरत नाही? आणि लाजेची गोष्ट असली तर हजार वर्षेही लागत नाहीत. तर कारण विसरले, आणि उरलेल्या शापाचा त्यांनी मान करून टाकला. लहान मुले नकळत पाण्यात हात घालीत, मोठी माणसे दार लावून एकदा करून पाहत, आणि जी वाळू सांडे ती झाडूवाले टोपल्यांत भरून नगराबाहेर टाकीत. टाकता टाकता तिथे डोंगर झाला. लोक त्याला वाळूचा डोंगर म्हणत आणि तो सृष्टीच्या आरंभापासून तिथेच आहे असे धरून चालत.

त्या राज्यात मार्तंडकेतू नावाचा राजा होता. हाताने शूर, तराजूने न्यायी, पण वंशाचे नाव निघाले की त्याची मान आपोआप ताठ होई. रोज सकाळी भाट त्याच्यापुढे बेचाळीस नावे म्हणे. पहिला सूर्यनारायण, त्याचा पुत्र आदिकेतू, त्याचा धर्मकेतू, त्याचा महाप्रतापी उग्रकेतू, असे करीत करीत बेचाळिसावा मार्तंडकेतू. नावे संपेपर्यंत राजवाड्यात कुणी शिंकायचे नाही असा दंडक होता. ‘खाण तशी माती’ हे राजाचे आवडते बोलणे, आणि ते म्हणताना तो नेहमी स्वतःच्या छातीवर हात ठेवी.

राजाला एकच कन्या होती, तेजोवती. चौथ्या वर्षी तिला बेचाळीस नावे पाठ होती आणि सातव्या वर्षी ती उलटी म्हणून दाखवी. मुलगी मनाने वाईट नव्हती. तिला फक्त असे वाटे की जगात दोनच प्रकारची माणसे असतात, नावांची आणि बिननावांची.

राजाला साठावे वर्ष लागले तेव्हा मोठा समारंभ झाला. पंगतीला पूर्वेकडचा एक राजा पाहुणा होता. त्याच्या वंशात एकोणतीसच नावे होती आणि ते त्याला सलत होते. जेवता जेवता तो म्हणाला, "महाराज, आपली बेचाळीस नावे ऐकून कान धन्य झाले. पण आपण ज्या हातचे पाणी पिता, त्या हाताची किती नावे?"

पंगत थांबली. राजाने मागे वळून पाहिले. तीस वर्षे त्याला पाणी पाजणारी झारीवाली तिथे उभी होती. तेजोवतीच्या जिभेला पहिला पाण्याचा थेंबही तिनेच लावला होता. राजाने तिला कूळ सांगायला फर्मावले. तिने झारी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि बोलू लागली, "महाराज, माझी आई..."

तेवढ्यात तेजोवतीला हसू आले. झारीवालीला वंशावळ असते आणि ही ती सांगणार आहे, याचेच तिला हसू आले. राजकन्या हसली म्हणून मानकरी हसले, मानकरी हसले म्हणून वाढपी हसले. झारीवाली गप्प झाली. राजाने हुकूम सोडला की आजपासून ज्याच्या कुळात निदान चौदा नावे आहेत, त्याच्याच हातचे पाणी राजा पिईल. दिवस मावळायच्या आत झारीवाली गाठोडे घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बड्या मानकऱ्याच्या लेकीने झारी उचलली. धार चांगली धरली. पण राजाच्या तोंडात पडली ती वाळू. मग दुसरीने धरली, तिसरीने धरली. ब्राह्मणाने धरली, सेनापतीने धरली, घोड्याच्या मोतद्दारानेही धरून पाहिली. सगळी वाळूच. दूध दिले, वाळू झाली. उसाचा रस दिला, गोड वाळू झाली. हजार वर्षे घराण्याला परक्या हातचे पाणी तरी मिळत होते, ते हुकूम देणाऱ्यापुरते तेही बंद झाले. तेजोवतीला मात्र कोणाही हातचे पाणी चालत होते, कारण हुकूम तिचा नव्हता.

राजवाड्याच्या तोंडचे पाणी पळाले. कुणीतरी म्हणाले, झारीवालीला शोधा. स्वार निघाले आणि वेशीपाशीच थांबले, कारण शोधायचे कुणाला? तीस वर्षे सगळे तिला ‘झारी’ म्हणून हाक मारीत. तिचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. राजवैद्याने राजाच्या मनगटाला सात गाठींचा मंतरलेला दोरा बांधला आणि सांगितले, रोज एक गाठ सुटेल, सातवी सुटेपर्यंत प्राण थांबेल, पुढे माझा उपाय नाही.

तेजोवती सज्ज्यात येऊन रडत बसली. तिचे वडिलांवर फार प्रेम होते. तेव्हा कठड्यावर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला. काळे अंग, तांबूस पंख, लाल डोळे.

"राजकन्ये, रडणे पुरे," पक्षी म्हणाला. "रडायला लागणारे पाणी पुढे उपयोगी पडेल."

तू कोण, असे तिने विचारले, आणि सवयीने कूळही विचारले.

"लोक मला ऋषीच्या नावाने ओळखतात. मी दिसलो की हात जोडतात. मी सरडे खातो. नावाचे इतकेच असते," पक्षी म्हणाला. मग त्याने सांगितले ते असे. वाळूच्या डोंगराच्या पोटात जुना खडक आहे, त्यात आदिकेतू राजाचा खजिना आहे. त्याला तीन दारे आहेत. तिसरे दार उघडेल तेव्हा शाप सुटेल. किल्ली नाही, कुलूप नाही, तीन ओंजळी पाणी प्यायचे. पहिली ओंजळ, तू कोण हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातची. दुसरी, तू कोण हे ज्याला पुरते ठाऊक आहे आणि ज्याचा तुझ्या घराण्याने अपमान केला आहे त्याच्या हातची. तिसरी, ज्या हाताने तुझे घराणे पहिल्यांदा पाणी प्याले त्या हातची.

"तो हात तर मरून गेला असेल," तेजोवती म्हणाली.

"हजार वर्षांपूर्वीच," पक्षी म्हणाला. "पायी जा. एकटी जा."

तेजोवती निघाली. जोडे मऊ होते, ते दुपारपर्यंत फाटले. ऊन डोक्यावर आले तेव्हा एका गावाची विहीर लागली. पाणी शेंदणाऱ्या बाईने सहज विचारले, "कुणाची गं तू?" झाले. राजकन्येची जीभ तिला न विचारताच धावली. मार्तंडकेतूंची कन्या, प्रतापकेतूंची नात, असे करीत ती सूर्यनारायणापर्यंत गेली. बाईच्या हातची घागर सुटली. गावचा पाटील डोक्याला पागोटे गुंडाळीत पळत आला, सनई आली, चांदीचे पेले आले. तिची तहान भागली, पण डोंगरातले दार हलले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने जीभ दातांखाली धरली. एका झोपडीपुढे म्हातारा दोर वळीत बसला होता. तिने नाव सांगितले नाही, गाव सांगितले नाही. म्हाताऱ्याने पाण्याचा मोगा पुढे केला, तशी ती मान वर करून, तोंड उघडून, स्वस्थ उभी राहिली. असे उभे राहणारे राज्यात एकच घराणे होते. म्हाताऱ्याने मोगा ठेवला आणि साष्टांग दंडवत घातला. पाणी मग पाजले, पण ते दंडवतानंतरचे पाणी होते. भारद्वाज बाभळीवर बसून हे पाहत होता. 

तिसऱ्या दिवशी तिची वाट चुकली. सकाळपासून एकही घर लागले नाही. वाटेत ओढा होता, त्यातले नितळ पाणी तिने न राहवून ओंजळीत घेतले आणि ओठांशी कोरडी वाळू आली. दिवस कलला तेव्हा ती एका खळ्याशी पोचली. एक बाई वाऱ्यावर धान्य उफणीत होती. तेजोवतीच्या डोळ्यांपुढे काजवे नाचत होते. तिला सूर्यनारायण आठवला नाही, उग्रकेतू आठवला नाही. मान वर करायचीही शक्ती उरली नव्हती. ती खळ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "तहान लागली आहे."

बाईने सूप खाली टाकले. मडक्यात लोटा बुडवायला वेळ लागला असता म्हणून तिने हातच बुडवले आणि ओंजळ तिच्या तोंडाशी नेली.

"आधी पी. बोलणं मागनं."

तेजोवती प्याली. त्या पाण्याला भुशाचा वास होता, आणि जन्मात इतके गोड पाणी ती प्याली नव्हती. आता ही विचारील, कुणाची तू, म्हणून ती वाट पाहत राहिली. बाईने विचारले ते एवढेच, "आणखी हवं?" मग भाकरीचा चतकोर आणि चटणी दिली आणि पुन्हा उफणायला लागली, कारण वारा पडायच्या आत काम उरकायचे होते.

तेजोवतीला काहीतरी म्हणावेसे वाटत होते, पण काय म्हणतात ते माहीत नव्हते. राजवाड्यात घेतल्यानंतर काही म्हणायची पद्धत नव्हती. शेवटी तिने दुसरे सूप उचलले आणि बाईसारखे हलवून पाहिले. भुसा जागेवर राहिला आणि धान्य उडाले. बाई पोट धरून हसली. ते हसणे तेजोवतीला लागले नाही, आणि दुसरेच एक हसणे आठवून तिचा चेहरा मात्र उतरला. त्याच घटकेला वाळूच्या डोंगराचे पहिले दार उघडले. तोवर राजाच्या मनगटाच्या तीन गाठी सुटल्या होत्या.

वाटेत भारद्वाज म्हणाला, "दुसरी ओंजळ कुणाची, हे सांगावे लागेल का?"

"नाही," ती म्हणाली. "कुठे आहेत त्या, तेवढे सांग."

घाटाच्या तोंडाशी एका जुन्या चिंचेखाली पाणपोई होती. तीन रांजण, वर ओले फडके, आणि मागे ती झारीवाली. येणाऱ्याजाणाऱ्याला, बैलवाल्याला, बैरागड्याला, सगळ्यांना ती पाणी देत होती. चौथ्या दिवशी दुपारी तेजोवती तिथे पोचली. रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा झारीवालीने वर पाहिले आणि हातातला लोटा तसाच राहिला.

"राजकन्ये, महाराजांचा हुकूम आहे. माझ्या हातचं तुम्हांला चालत नाही."

तेजोवती म्हणाली की महाराज पाण्यावाचून मरत आहेत.  काहीही असो, तीस वर्षे झारीवालीने त्या माणसाची तहान ओळखली होती. तो मान वर करायच्या आधी तिची धार तयार असे. पण ती जागची हलली नाही.

"एक विचारते," ती म्हणाली. "माझं नाव काय?"

बेचाळीस नावे उलटसुलट म्हणणारी तेजोवती उभी राहिली. तिने आठवण खणून पाहिली. आजारपणात उशाशी बसलेली ही बाई आठवली, ताप उतरेना तेव्हा थेंब थेंब पाणी सोडणारी बोटे आठवली, त्या बोटांवरचा जळल्याचा डागही आठवला. नाव आठवले नाही, कारण ते तिला कधी ठाऊकच नव्हते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी कधी विचारले नाही. आणि तुम्ही सांगू लागलात तेव्हा मी हसले. त्या दिवशी पहिली मीच हसले. ते चुकले माझे."

झारीवालीला तिने जन्मात पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटले होते.  म्हातारीला राग होता आणि तो खरा होता. पण समोरच्या पोरीचे ओठ फुटले होते, आणि तहानलेल्याला ताटकळत ठेवायची तिच्या हातांना सवय नव्हती. तिने रांजणात हात बुडवले.

"माझं नाव म्हाळसा," ती म्हणाली. "पी."

तेजोवती प्याली, आणि डोळ्यांतले पाणी त्यात मिसळले तरी थांबली नाही. मग तिने त्या दिवशी अर्धे राहिलेले सांगायची विनंती केली. म्हाळसा रांजणाला टेकून बसली आणि म्हणू लागली. म्हाळसा म्हाकूची, म्हाकू येसाईची, येसाई तानाईची. एकेका राजाला पाणी पाजणारी एकेक बाई. झारी भरताना मनात म्हणायची त्यांची रीत होती, आईने लेकीला शिकवलेली. लिहिलेली कुठेच नव्हती. तेजोवती बोटांवर मोजीत होती. बेचाळिसावे नाव आले आणि म्हाळसाने हात जोडले.

"आणि पहिली धुरपा, पखालवाली. खांद्यावर चामड्याची पखाल घेऊन गावोगाव पाणी घालायची. तिनं तुमच्या पहिल्या राजाला पाजलं. त्याच्यापुढचं मला ठाऊक नाही."

पहिला हात कोणाचा, ते असे कळले. तेजोवतीने उठून म्हाळसाच्या पायांवर डोके ठेवले. चिंचेखालचे बैलवाले पाहतच राहिले. म्हाळसाने पाणपोई एका बैरागड्याच्या हवाली केली, पदर खोचला आणि राजकन्येबरोबर चालू लागली. दुसरे दार उघडले होते.

सहाव्या दिवशी सकाळी दोघी डोंगराशी आल्या. म्हाळसा आणि भारद्वाज बाहेर थांबले, तेजोवती आत गेली. पहिले दार ओलांडले, दुसरे ओलांडले. पुढे दगडी दालन होते आणि वरच्या भगदाडातून ऊन येत होते. तिसऱ्या दारावर एक मोठा ताम्रपट ठोकलेला होता. खडकातून झरा वाहत होता. झऱ्याशी एक राजा बसला होता. अंगावर जरीच्या चिंध्या, डोक्यावर मुकुट, कमरेपर्यंत वाळूचा ढीग. तो ओंजळ भरी, ओठांशी नेई, वाळू सांडे, पुन्हा भरी.

"कोण आहे?" त्याने विचारले.

तेजोवतीने नाव सांगितले. तो खूश झाला. "मग नमस्कार कर. मी उग्रकेतू."

महाप्रतापी उग्रकेतू! लहानपणी ती बाहुलीला त्याचे नाव देऊन खेळली होती. तिने नमस्कार केला आणि ताम्रपट वाचला. त्यावर कोरले होते की आदिकेतू नावाचे पोर नदीच्या कोरड्या पात्रात टाकलेले सापडले, आईबाप अज्ञात, धुरपा पखालवालीने ओंजळीने पाणी पाजून जगवले आणि वाढवले, म्हणून हे राज्य त्या ओंजळीचे आहे. धुरपेच्या नावावर छिन्नीचे घाव होते. नाव पुरते पुसले गेले नव्हते.

खाली वेगळ्या अक्षरांत शाप होता. ‘मी कर्कोटनाथ मांत्रिक. मीही धुरपेच्या हातचे पाणी प्यालो आहे. ज्या हाताने जगलात तो विसरलात, आता तुमच्या हातात पाणी न थांबो. परक्या हाताने प्या आणि तो हात आठवा. तोही हिणवून दूर लोटाल तर लोटणाऱ्याला परक्याचेही न मिळो. धुरपेच्या हातचे पाणी पुन्हा प्याल तेव्हा सुटाल, तोवर नाव पुसणारा इथेच तहानलेला राहो.’

"नाव मी पुसले," उग्रकेतू म्हणाला. "पखालवालीच्या पोरक्या पोराचा नातू म्हणवून घेऊ? तिच्या जागी सूर्य घातला. कुणी हरकत घेतली नाही. सूर्यसुद्धा काही बोलला नाही."

तेजोवतीने पुन्हा एकदा ताम्रपट वाचला. सूर्य गेला. आदिकेतूच्या मागे कुणीच नव्हते, एक कोरडी नदी होती. पण वडिलांची सहावी गाठ सैल होत होती, आणि शोक करायला सवड नव्हती. तिने धुरपेचे नाव तीनदा मोठ्याने घेतले. दार हलले नाही. सूर्य वगळून, धुरपेपासून सुरू करून तिने सारी वंशावळ म्हटली. दार हलले नाही. ताम्रपटापुढे डोके टेकले, क्षमा मागितली. उग्रकेतू हसला. हे सगळे त्याने हजार वर्षांत हजारदा केले होते. नुसत्या नावाने काही होत नाही, तो म्हणाला.

भगदाडातले ऊन सरकत सरकत गेले आणि त्या जागी चांदणे आले. तेजोवतीला काही सुचेना. वडील आत्ता काय करीत असतील, एवढेच मनात येत होते. उग्रकेतूचे हसूही ओसरले. त्याने आणखी एक ओंजळ भरली, वाळू सांडली, आणि हात मांडीवर टाकून तो बसला. मग हळू आवाजात, राजासारखा नव्हे, म्हणाला, "पोरी, तहान लागली आहे गं."

ते शब्द तिने स्वतः खळ्यावर म्हटले होते. तेजोवती उठली. तिने विचार केला नाही, शाप आठवला नाही. झऱ्यात दोन्ही हात बुडवले आणि भरलेली ओंजळ त्याच्या तोंडाशी नेली. त्याचे ओठ टेकले. तो घटाघट पिऊ लागला, आणि मग तिच्या ध्यानात आले की ओंजळीत पाणी आहे.

हजार वर्षांत त्या घराण्यातल्या कित्येकांनी चोरून पाणी उचलून पाहिले होते, पण ते सगळे स्वतःसाठी. दुसऱ्याला पाजायला कुणी उचललेच नव्हते. धुरपेचे हात कधीचे मरून गेले होते, पण पाजणाऱ्याच्या हातात ते अजून येत होते, आणि या घराण्यानेच त्यांना कधी बोलावले नव्हते. तेजोवतीच्या तळहातांवर चार थेंब उरले होते. तिने ते ओठांना लावले. ते पाणीच होते. तिसरे दार आवाज न करता उघडले.

उग्रकेतूने तोंड पुसले. "तुझे उपकार झाले," तो म्हणाला. हे शब्द त्याला जड गेले, पण त्याने ते पुरे म्हटले. मग त्याचा देह शांतपणे मिटला आणि जागी मूठभर वाळू राहिली. दाराआड सोनेनाणे होते. तेजोवतीने त्याकडे पाहिले नाही. ती पळत बाहेर आली.

सातव्या दिवशी पहाट फुटता दोघी राजवाड्यात पोचल्या. सातवी गाठ निम्मी उकलली होती. राजा मंचकावर पडला होता, डोळे खोल गेले होते. भाट पायथ्याशी बसून नावे म्हणत होता, कारण राजाला तेवढेच ऐकायचे होते. तेजोवतीने भाटाला थांबवले आणि वडिलांच्या कानाशी बसून सगळे सांगितले. काही लपवले नाही. मानकऱ्यांनी माना खाली घातल्या. भाट पुटपुटला की नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात ते उगीच नव्हे.

राजाने लेकीकडे मान वळवली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "म्हणजे सूर्य नाही. मग आपण कोण?"

"एका तहानलेल्या पोराचे वंशज, तात," तेजोवती म्हणाली. "कुणीतरी त्याला पाणी पाजले म्हणून आपण आहोत. बाकीची सगळी नावे त्यानंतरची."

प्रधानाने पाण्याचा पेला पुढे केला आणि शाप सुटला आहे, महाराजांनी आता स्वहस्ते प्यावे, असे सुचवले. राजाने पेला घेतला नाही. त्याची नजर दाराशी उभ्या असलेल्या म्हाळसावर होती. त्याने खूण केली. ती जवळ आली. त्याने तिचे नाव विचारले, तिने सांगितले. तो म्हणाला, "म्हाळसाबाई, पाणी द्या."

म्हाळसाने ओंजळ भरून धरली. राजा प्याला, दुसरी प्याला, तिसरी प्याला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. सात दिवसांत त्याला रडायलाही पाणी उरले नव्हते. मग तेजोवतीचा आधार घेऊन तो उठून बसला. दोन्ही हात त्याने भांड्यात बुडवले, ओंजळ वर काढली आणि म्हाळसापुढे धरली.

"तीस वर्षे तुम्ही माझ्यामागे उभ्या होतात," तो म्हणाला. "तुम्हांला तहान लागली का, हे मी कधी विचारले नाही. घ्या."

 म्हाळसाने एकदा तेजोवतीकडे पाहिले. मग पदर सावरून वाकली आणि राजाच्या ओंजळीतून पाणी प्याली. ओघळ राजाच्या कोपरापर्यंत गेले, मंचक भिजला, आणि ते पाणी पाणीच राहिले.

पुढे खजिन्यातल्या सोन्याने वाटावाटांवर विहिरी खोदल्या गेल्या. ताम्रपट धुऊन पुसून सभेत टांगला. रोज सकाळी भाट नावे म्हणू लागला ती धुरपेपासून, आणि राजांच्या नावांबरोबर झारीवाल्यांचीही, एकास एक. यादी दुप्पट लांबली, तेव्हा मध्ये शिंकायची मोकळीक मिळाली. तेजोवती राणी झाली तेव्हा तिने राज्याभिषेकाची रीत बदलली. नव्या राजाने आधी ओंजळ भरून एका तहानलेल्याला पाजायची, मग मुकुट घालायचा.

तीन दारांची ही कथा इथे एका ओंजळीत मावली. ज्याच्या हातचे पहिले पाणी आपण प्यालो, त्याचे नाव आठवत असेल तर घ्यावे, आठवत नसेल तर विचारून घ्यावे, आणि मग सुखाने पाणी प्यावे.